टेकू

लाँगटनच्या शनिवारच्या बाजारात
दीड पौंडाला एक बशी मिळाली.
कप नाही. कडेला टवका.
विकणारा प्रामाणिक होता. म्हणाला,
‘नापास माल आहे, बघून घ्या. गुलाब हललाय.’

मी दातांचं काम करते.
म्हणजे काढत नाही, घडवते.
पोर्सेलीनचा थरावर थर,
मांजराच्या मिशीएवढा ब्रश,
कुणाचा चहाने पिवळा, कुणाचा तंबाखूने कडेला काळवंडलेला,
ज्याचा त्याला परत.
उजव्या मनगटाखाली एक छोटी फळी असते,
वर स्पंज चिकटवलेला.
सतरा वर्षांत तिच्याकडे एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

मग वाचनालयाच्या तळघरात
त्या कारखान्याची वही निघाली.
शाई विटकरी झालेली, हुकूम मात्र करकरीत:
‘बायकांच्या बाकांवरचे हाताचे टेकू काढून घ्यावेत.
पुरुष कारागिरांची तशी विनंती आहे.’

टेकू असला की रेघ सरळ येते.
रेघ सरळ आली की सोन्याची कड जमते.
कड जमली की उद्या कडेचा दर मागतील.
पाट कुणाला आणि जमीन कुणाला,
हा हिशेब मला कुणी समजावून सांगावा लागला नाही.

पुढच्या पानांवर बायकांची नावं विरळ होत जातात.
केझाया ब्लूर राहते.
त्या बाकावरून सोन्याच्या कडा काढणारी पहिली,
आणि बराच काळ एकटीच.
वर्षभर, आठवड्यामागून आठवडा, तिच्यापुढे कडांचा आकडा:
दहा डझन. अकरा. साडेअकरा.
अधांतरी हाताने.
ब्रशला टोक ओठांनी काढायचं;
शिसं जिभेला गोड लागतं म्हणतात.

मग एका मार्चमध्ये तपासनिसाचा शेरा:
‘ब्लूर. गुलाब हलला. चार पेन्स कपात.’
त्यानंतर सहा आठवडे नाव नाही.
मग पुन्हा: दहा डझन.

वहीत एवढंच आहे.
बाकीचं मी रचते, दात रचते तसं,
शेजारचे दोन बघून मधला.

ती सातव्या महिन्यात असणार. आठव्या.
ॲप्रनच्या गाठी वर सरकलेल्या,
बाक आणि ती यांत वीतभर अंतर पडलेलं,
आणि एका सकाळी तिने मनगट
पोटावर टेकवलं.
बस. हात स्थिर.
मुकादम आला, थांबला.
घसा साफ केला.
हा टेकू कसा काढून घ्यावा
याबद्दल कुणाचीच विनंती आली नव्हती.

बाहेर बाटलीच्या आकाराच्या भट्ट्या धुरत होत्या,
वाळत घातलेली चादर घरी न्यायच्या आत काळी होत होती,
आणि ती पाकळी ओढत होती,
खालची, डावीकडची,
तेव्हा आतून लाथ बसली.

एवढंच ते हलणं.
केसाएवढं.
बघणाऱ्याला वाटावं वारा आला.

हाडांची राख घातलेली माती ही;
उजेडाला धरली की माझी बोटं
पलीकडून दिसतात, मध्ये तो गुलाब.
कडेचं सोनं निम्मं झिजलंय.
भट्टीत जाण्याआधी सोनं तपकिरी असतं,
शेणाच्या पाण्यासारखं. पिवळं आलं की नाही
ते दुसऱ्या दिवशी, दुसऱ्याच कुणाच्या हातात कळतं.
बशी पालथी केली तर नाव नाही,
फक्त एका अंगठ्याचा ठसा, झिलईखाली.
तो तिचाच असेल असं मी धरून चालत नाही.
ते मूल जगलं का, तेही वहीला माहीत नाही.

सोमवारी हॅनलीच्या एका आजोबांचा सुळा होता.
लॅबमध्ये कुणी नव्हतं. फळी बाजूला सारली,
एक थर अधांतरी लावून पाहिला.

हात कापला.
पुसून टाकला, फळी पुन्हा ओढली.
आजोबांनी काय पाप केलंय?